हिराजीदादांचं फडकं

मी बत्तीस वर्षं ठाण्याच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. शिसं या धातूवर दरवर्षी एक अख्खा तास घ्यायचो आणि तो तास माझा बरा रंगायचा, असं मुलं निदान माझ्या तोंडावर तरी म्हणत. तरी शिशाबद्दल मला जे खरोखर कळलं ते बाळकुमच्या एका पत्र्याच्या शेडमुळे, सातवीपर्यंत शिकलेल्या एका माणसाच्या हातातल्या फडक्यावरून. हे कबूल करायची मला पूर्वी लाज वाटायची. आता मी ते मिरवतो.

त्या माणसाचं नाव हिराजी म्हात्रे. सगळे दादा म्हणायचे, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. माझी त्यांची गाठ माझ्या मेव्हण्यामुळे पडली. त्याने नवी गाडी घेतली आणि जुनी प्रेमाने माझ्या गळ्यात मारली. वर्तकनगरच्या आमच्या कॉलनीत ती दिसायला छान दिसे, पण जरासा चढ आला की खोकायला लागे. तिसऱ्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने सांगितलं, बाळकुमला हिराजीकडे घेऊन जा. तो गाडी बघत नाही, गाडीचा धूर बघतो.

मी गेलो तेव्हा दादा खाकी अर्ध्या चड्डीत, स्टुलावर बसून चहा पीत होते. काळासावळा, बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. त्यांनी बॉनेट उघडलं नाही, काय होतंय हेही विचारलं नाही. इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि म्हणाले, "मास्तर, मागं जाऊन उबा रा." मी मास्तर आहे हे त्यांनी माझ्या बाहीवरच्या खडूवरून ओळखलं होतं. बाळकुमच्या जुन्या आगरी माणसांना अहो-जाहो फारसं जमत नाही, त्यामुळे पुढची सगळी वर्षं मी त्यांच्या लेखी 'मास्तर' आणि 'तू' असा दोन्ही राहिलो.

मी गाडीच्या मागे, धुराच्या नळीसमोर उभा राहिलो. दादा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, घसा खवखवला, तरी त्यांनी हलू दिलं नाही. पाच मिनिटं पूर्ण झाल्यावर म्हणाले, "आपला धूर पयला आपन घ्यायचा. मंग दुसऱ्याला द्यायचा." हा त्यांच्याकडचा नियमच होता. डॉक्टर असो, बिल्डर असो की पोलीस चौकीतला हवालदार, पाच मिनिटं मागे उभं राहिल्याशिवाय दादा पाना हातात घेत नसत. काही लोक चिडून निघून जात. त्यांना ते थांबवत नसत.

एकदा शहाडचा एक रिक्षावाला आला होता. रिक्षा झटके खाते म्हणत होता. दादांनी त्यालाही मागे उभं केलं. दुसऱ्याच मिनिटाला त्याने हात जोडले आणि आपणहून सांगून टाकलं, की पेट्रोलमध्ये घासलेट आहे, निम्मं तरी असेल. दादा म्हणाले, "मना म्हाइत हाय. तुना म्हाइत व्हायला पायजे व्हता." त्याची पाच मिनिटं मात्र त्यांनी पुरी करून घेतली.

मग फडक्याची पाळी यायची. जनाबाई, म्हणजे दादांची बायको, जुन्या पांढऱ्या धोतराचे हातभर तुकडे करून ठेवायच्या. प्रत्येक गाडीला स्वतःची फडकी असत आणि त्यांच्या कोपऱ्यात जनाबाईंनी लाल दोऱ्याने गाडीचा नंबर टाचलेला असे. दादा ते बोटाभोवती गुंडाळत, धुराच्या नळीत घालून एकदाच फिरवत आणि बाहेर उजेडात नेऊन बघत. काळं आलं तर इंजिनला पेट्रोल जास्त जातंय. पांढुरकं, कोरडं आलं तर कमी जातंय. चुलीतल्या राखेसारखा करडा रंग आला तर गाडी ठणठणीत. त्या रंगावर ते कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवत आणि गाडी गुणी लेकरासारखी गुमान चालू लागे. नंतर ते फडकं शेडमधल्या तारेवर चिमट्याने अडकवून ठेवत. पुढच्या खेपेला दुसऱ्या फडक्यावरचा नवा रंग जुन्याशी ताडून बघत आणि मगच जुनं फडकं जनाबाईंकडे धुवायला जाई. त्या तारेवर ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या गाड्या लटकत असायच्या. बाहेरचा माणूस बघून म्हणे, घरात बाळंतीण आहे वाटतं.

ही नजर त्यांना वडिलांकडून आली होती. वडील खाडीकाठच्या मिठागरात कामाला होते. वाफ्यातलं पाणी आटत आटत गुलाबी झाक धरायला लागलं की ते नुसतं बघून सांगत, मीठ उद्या पिकेल की परवा. दादा हे सांगताना फार खूश असत. भावांनी जमिनी विकून बंगले बांधले, दारात मोठ्या गाड्या उभ्या केल्या. दादांनी शेडपुरती जागा राखून ठेवली आणि भावांच्या गाड्यांच्या मागेही भावांनाच उभं केलं. त्यांना स्वतःच्या डोळ्यांचा गर्व होता. माझ्या पाहण्यात तरी त्यांना दुसऱ्या कशाचाही नव्हता.

आणि त्याच डोळ्यांनी त्यांना फसवलं.

शिसं नसलेलं पेट्रोल आलं ते दिवस. पंपांवर नव्या पाट्या लागल्या, वर्तमानपत्रांत लेख आले, मी वर्गात त्याच्यावर एक जादा तास घेतला. इकडे दोनेक महिन्यांत बाळकुमच्या तारेवरची फडकी काळी पडायला लागली. एक नाही, दोन नाही, सगळीच. दादांनी त्याचा जो अर्थ तीस वर्षं लावला होता तोच लावला, की पेट्रोल जास्त जातंय. त्यांनी स्क्रू आवळले, पेट्रोल कमी केलं. फडकं पुन्हा काळंच. आणखी आवळले. तो राखेचा रंग काही केल्या परत येईना. त्यांचं थट्टा करणं थांबलं. माझी गाडी पुन्हा चढाला दमायला लागली, इंजिन तव्यासारखं तापायचं. मी त्यांना काही बोललो नाही, कारण माझा त्यांच्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता.

मे महिन्यात दादांचे जुने गिऱ्हाईक, डोंबिवलीचे साठेकाका, नाशिकला निघाले. रेल्वेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ, गाडीला रोज स्वतः आंघोळ घालणारे. बरोबर बायको आणि दोन लहान नातवंडं. कसारा घाटात इंजिनचा व्हॉल्व्ह जळला. भर दुपारी तीन तास ती माणसं दरडीच्या सावलीला बसून होती आणि धाकट्या नातवाला उन्हाने उलट्या झाल्या. त्याच पंधरवड्यात दादांच्या हाताखालून गेलेल्या आणखी दोन गाड्या तशाच बसल्या.

आयती सबब चालून आली होती. ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळे मेकॅनिक एकच सांगत होते, की नवं पेट्रोलच वाईट आहे, ते इंजिन खातं. शहाडच्या पुढे म्हणे अजून जुनं, शिशाचं पेट्रोल मिळत होतं. लोक तिकडे जाऊन टाक्या भरून आणत आणि मेकॅनिकच त्यांना पाठवत. साठेकाका स्वतः दादांना म्हणाले की तुझा काय दोष, पेट्रोलच बिघडवून ठेवलंय. दादांनी नुसती मान हलवली असती तरी प्रकरण तिथेच मिटलं असतं.

त्यानंतरच्या रविवारी ते माझ्या घरी आले. त्याआधी ते कधी आले नव्हते. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. आमच्या हिने चहा ठेवला. ते बसले आणि म्हणाले, "मास्तर, या पेट्रोलमदशी काडलान काय, ते मना नीट सांग."

मला हा प्रश्न म्हणजे पर्वणी. मी सुरू झालो. इंजिनने ठोके देऊ नयेत म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचं एक संयुग घालत असत. ते जळून धुराबरोबर बाहेर पडायचं, हवेत जायचं, रस्त्याच्या धुळीत बसायचं, माणसांच्या रक्तात उतरायचं. सगळ्यात वाईट लहान मुलांना, कारण त्यांचा मेंदू वाढत असतो. म्हणून ते काढलं. मी पंधरा मिनिटं बोललो असेन. दादांनी मधे एकदाच तोंड उघडलं. "त्यो शिसा जळल्यावर त्याचा रंग कोनचा?"

"पांढरट. करडा म्हणा," मी म्हणालो आणि कपाकडे हात नेला.

मला काहीही कळलं नव्हतं, हे मला आज लिहून ठेवायचं आहे. एम.एस्सी. झालेल्या, शिशावर तास घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या तोंडाने उत्तर दिलं आणि चहा प्यायला. दादांना कळलं होतं. त्यांनी पिशवीतून दोन फडकी काढून आमच्या टीपॉयवर शेजारी शेजारी पसरली. एक जुनं, करडं, ते माझ्याच गाडीचं होतं. दुसरं नवं, काळं.

"मंग मास्तर, तीस वरसं मी बगत काय व्हतो?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तो राखेचा रंग इंजिनच्या तब्येतीचा नव्हताच. तो शिशाचा होता. काजळी आधीही होती, शिसं तिला झाकून टाकत होतं एवढंच. शिसं गेलं आणि काजळी उघडी पडली. गाड्या पहिल्याइतक्याच ठीक होत्या. दादांनी तो रंग परत आणण्यासाठी त्यांना उपाशी ठेवलं, आणि त्या तापून जळाल्या. आयुष्यभर ज्या रंगाला त्यांनी चांगलं म्हटलं होतं, ते विष होतं.

त्यांनी फडकी घडी करून पिशवीत टाकली. दारात चपला घालताना थांबून म्हणाले, "जनी धुते ही. पोरांच्या कपड्यांच्याच टपात." हा प्रश्न नव्हता, पण मी त्यांना खरं ते सांगितलं, की शिसं पोरांच्या कपड्यांतही उतरलं असणार. मला त्या माणसाची त्या क्षणी जेवढी कणव आली तेवढी क्वचितच कुणाची आली असेल.

पुढचं मला जनाबाईंनी सांगितलं. घरी आल्यावर दादांनी तो टप उचलून मागच्या अंगणात नेला, भोकं पाडून मोडीत काढला. बायकोला समोर बसवून सगळं सांगितलं. जनाबाईंनी विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का. ते नाही म्हणाले. "मंग उद्यापासून ठाऊक असल्यासारकं वागा," त्या म्हणाल्या आणि भाकऱ्या थापायला गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून दादांनी तारेवरची फडकी एकेक करून उतरवली आणि लाल दोऱ्याचे नंबर बघत स्कूटरवरून घरोघर गेले. ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण. दार उघडलं की पहिलं वाक्य एकच, "तुजी गारी मीच बिगरवली. घेऊन ये, नीट करून देतो." 'गाडी'ची 'गारी' करायची त्यांची बोली ऐकून डोंबिवलीची मंडळी एरवी गालात हसत असत. त्या दिवसांत कुणी हसल्याचं मी ऐकलं नाही.

कळव्याचा एक मेकॅनिक, त्यांचा जुना दोस्त, शेडवर येऊन त्यांच्यावर तडकला. मी तेव्हा तिथे होतो. "अरे, लोक पेट्रोलला शिव्या देतायत ना, देऊ दे की. तू मधे कशाला पडतोस? उद्या आमच्याकडे पण येऊन विचारतील."

दादा कार्बोरेटर पुसत होते. वर न बघता म्हणाले, "पेट्रोल चांगला हाय. माजा डोला चुकला."

"असं सांगत फिरलास तर कोण येईल तुझ्याकडे?"

"नाय आला तर नाय आला. पन शहाडला जाऊन त्यो शिसा कोनी भरायचा नाय. माज्यापायी तर नायच."

तो दोस्त बरीच वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हता. काही गिऱ्हाइकं तुटली. बाकीच्या गाड्या एकेक करून आल्या आणि दादांनी सगळ्यांचे स्क्रू परत सोडले. ज्या खरोखर जुन्या होत्या, ज्यांच्या व्हॉल्व्हच्या बैठका, म्हणजे व्हॉल्व्ह टेकतात त्या कड्या, शिशाशिवाय झिजणार होत्या, त्यांना टणक बैठका बसवल्या. साठेकाकांचं इंजिन त्यांनी पूर्ण उतरवून बांधलं. साठेकाकांनी त्यानंतर अखेरपर्यंत गाडी दुसऱ्या कुणाच्या हातात दिली नाही. चूक कबूल करणारा मेकॅनिक मला पुन्हा कुठे मिळणार, असं ते म्हणत.

पन्नाशी उलटलेला हा माणूस मग धूर तपासायच्या यंत्राच्या वर्गाला जाऊन बसला. आजूबाजूला विशीतली पोरं. यंत्र शेडमध्ये आलं त्या दिवशी जनाबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. त्यानंतर कितीतरी महिने एक खेळ चालायचा. गाडी आली की दादा आधी वास घेत, आवाज ऐकत आणि यंत्र काय आकडा दाखवेल त्याचा अंदाज भिंतीवर खडूने लिहीत. शेजारी यंत्राचा आकडा. हरले की इतके खूश होत की बघणाऱ्याला वाटावं, हेच जिंकले. "डोला खोटा बोलतो, यो बोलत नाय," असं म्हणून यंत्राच्या डोक्यावर टपली मारत. धुराचं सर्टिफिकेट द्यायचा परवाना मिळाल्यावर यंत्राची नळी गाडीच्या धुराड्यात घातल्याशिवाय त्यांनी एकही कागद दिला नाही. कोणी नुसता गाडीचा नंबर सांगून कागद मागितला तर म्हणत, तू पण नुसता फोटो पाठव, मी त्याला चहा पाजतो.

त्यांच्या पुतण्याच्या हळदीची गोष्ट बाळकुममध्ये अजून सांगतात. आगरी हळद म्हणजे अख्खं गाव मांडवात आणि डीजेचा टेम्पो दारात. संध्याकाळी नाच रंगात आला होता. टेम्पो काळा धूर ओकत होता आणि त्याच्या पाठीशीच लहान पोरांचा घोळका उड्या मारत होता. दादा कोऱ्या रेशमी सदऱ्यात, गालाला हळद. ते सरळ गेले आणि टेम्पोची किल्ली काढून घेतली. डीजे बंद पडला. नवरा मुलगा हिरमुसला, व्याही तणतणले. दादांनी टेम्पोवाल्याला आधी धुराड्यामागे उभं केलं, घड्याळ लावून. मग त्याच सदऱ्यानिशी खाली आडवे झाले. पाऊण तास मांडव ताटकळत बसला. ते बाहेर आले तेव्हा सदरा निम्मा पिवळा, निम्मा काळा होता. टेम्पो सुरू झाला, धूर दिसेनासा झाला आणि पहिल्या गाण्यावर सगळ्यांच्या आधी दादाच नाचले. जनाबाई मला म्हणाल्या की या सदऱ्याचे डाग आता जन्मात निघणार नाहीत. त्यांच्या तोंडावर इतकं कौतुक होतं की मी दुसरीकडे बघितलं.

जनाबाई गेल्या, त्याला आता काही वर्षं झाली. लाल दोऱ्याचे नंबर त्यांच्याबरोबर संपले.

गेल्या हिवाळ्यात मी माझी छोटी गाडी घेऊन बाळकुमला गेलो. सर्टिफिकेट घराजवळही मिळतं, पण मी तिकडेच जातो. शेडच्या चारी बाजूंना आता उंच इमारती आहेत आणि वॉचमन शिट्ट्या मारत असतात. यंत्रावर दादांची नात सायली बसते. तिने नंबरप्लेटचा फोटो काढला, नळी घातली, आकडे बघितले आणि कागद छापून दिला. तिच्या मागच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक करडं फडकं आहे, कोपऱ्यात लाल दोऱ्यात माझ्या जुन्या गाडीचा नंबर. कोणी विचारलं की ती सांगते, "आजोबांची चूक आहे ती. त्यांनीच फ्रेम करून लावलीय." हे ती ज्या ताठ मानेने सांगते ते ऐकायला मी त्या दिवशीही मुद्दाम विचारलं.

दादा कोपऱ्यात खुर्चीवर होते. ऐंशी उलटली आहे. डोळे गेल्यातच जमा, रंग तर कळतच नाहीत. माझा आवाज ओळखून उठले, खिशातून पांढरं फडकं काढलं आणि बॉनेटला हात लावत लावत गाडीच्या मागे गेले. नळी चाचपून बोटाभोवती फडकं गुंडाळलं, एकदाच फिरवलं आणि माझ्या हातात दिलं.

"मास्तर, सांग. रंग कोनचा?"

मी ते उजेडात धरलं. काळं नव्हतं, करडंही नव्हतं. बोट फिरलं होतं तिथे नीट बघितलं तर एक पुसट रेघ दिसत होती.

"कोरं आहे, दादा."

त्यांचा विश्वास बसला नाही. फडकं माझ्या हातातून घेऊन त्यांनी नातीपुढे धरलं. "सायले, तू बग. मास्तरला तवा पन कळला नव्हता."

"कोरंच आहे, आजोबा."

त्यांनी फडक्याची घडी घातली आणि खिशात ठेवली. मी निरोप घेऊन गाडीत बसलो, इंजिन चालू केलं आणि आरशात बघितलं. दादा धुराच्या नळीसमोर येऊन उभे राहिले होते. छाती भरून श्वास घेत होते. डावं मनगट डोळ्यांजवळ धरलं होतं, पण घड्याळ दिसत नसणारच, कारण सायली शेजारी जाऊन त्यांना मिनिटं सांगत होती. तिने मला निघायची खूण केली. मी गिअर टाकला नाही. मागे एक रिक्षा हॉर्न वाजवायला लागली, वाजवू दिली.

पाच मिनिटं पुरी झाल्यावर दादांनी मनगट खाली घेतलं आणि मला जा म्हणून हात केला.